बुढीची फाईल कशात उघडायची

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर कॉम्प्युटरचं चाक थांबायची वाट पाहिली. दुसरं काही नाही. थंडीचे दिवस होते. तिनं तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडल्या होत्या. मधात परात, परातीच्या इकडे मी, तिकडे ती, आणि समोर टेबलावर तो डबा. पडद्यावर गोल चाक फिरत होतं आणि आम्ही शेंगा सोलत त्याच्याकडे पाहत होतो, जसं चुलीवरच्या दुधाकडे पाहतात. फरक एवढाच की दूध कधीतरी उतू जातं.

"अजून फिरूनच राहिलं का वं?" मी विचारलं.

"फिरू द्या. तुमाले कुठं जायचं हाय?"

"मले नाई. तुले जायचं होतं ना भाजीले."

"हे थांबलं का जातो."

"हे थांबलं का मनशीन, आजून एक लिवतो मंग जातो."

"मंग तुमीच जा ना भाजीले."

मी गेलो नाही. शेंगा गरम होत्या.

तेल्हाऱ्याच्या एका पोरीचा बायोडाटा होता. माझ्या फोनवर आलेला. मी मोठ्यानं वाचला आणि तिनं एका बोटानं टाईप केला. अपेक्षेत लिहिलं होतं, निर्व्यसनी, उच्चशिक्षित, शहरात घर, एकुलता एक, शांत स्वभाव.

"असा कुठं भेटला तं मले सांग," मी म्हणालो. "मी पाहून येतो. म्या असा मानूस अजून पाह्यला नाई."

"तुमी नोका जाऊ. तुमाले पाहून पयून जाईन तो."

मग तिनं खाली तिचा शेरा टाकला. मुलगी चांगली, बाप फार बोलतो पण मनाचा मोकळा. जतन करायचं बटण दाबलं, आणि ते चाक सुरू झालं. संध्याकाळ झाली तरी फिरतच होतं. तिनं त्याच्यावर कशिद्याचं कापड झाकलं. "राहू द्या. थकलं ते. होईन रातभरात त्याचं त्याचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. ऑटो बोलावला, दवाखान्यात पोचलो, डॉक्टरनं तपासलं आणि मला बाजूला घेतलं. एवढंच. याच्याहून जास्त लिहायला मला जमत नाही आणि लिहून काही होतही नाही. घरात माणसं जमली, कोणीतरी अंगणात बल्ब लावायला वायर ओढली आणि जागा पाहिजे म्हणून कॉम्प्युटरचा प्लग काढला. चाक थांबलं म्हणायचं.

आता ती कोण आणि मी कोण ते सांगतो. मी चौथी शिकलो. जिनिंगमध्ये प्रेसवर होतो. रुई दाबून गाठी बांधायचं काम. हाडं बोलायला लागली तेव्हा सोडलं. लिहितो ते गुरुजीचं मराठी, बोलतो ते घरचं. दोन्ही एकात एक सांडलं तर सांभाळून घ्या. ती सातवी शिकलेली, आणि ही गोष्ट तिनं मला कधी विसरू दिली नाही.

तिला लग्नं जुळवायचा नाद. धंदा नाही, नाद. आम्ही बौद्ध. आमच्यात पत्रिका पाहत नाहीत, गुण मिळवत नाहीत, मंगळ-शनी कोणाला आडवे येत नाहीत. त्यामुळे सगळं माणसावर येतं. पोरगा कसा, त्याची माय कशी, घरात आवाज कोणाचा चढतो, हे कोणीतरी पाहून आलेलं असावं लागतं. ते कोणीतरी म्हणजे आमची बुढी. अकोला, अंजनगाव, तेल्हारा, कुठेही लग्न असो की नामकरण, तिचा एक डोळा पत्रावळीवर आणि एक डोळा लग्नाच्या पोरापोरींवर. घरी आली की सगळं फाईलीत. नाव, गाव, शिक्षण, उंची, मामाचं गाव, आणि सगळ्यात खाली शेरा. लोकांना बायोडाटा कुठेही मिळतो. तिला फोन यायचे ते शेऱ्यासाठी.

कॉम्प्युटर आला तो अकोल्याहून. तिथे आमची एकुलती एक पोरगी आणि जावई राहतात. त्यांनी नवा घेतला, जुना आम्हाला दिला. पोरीनं मायला एक कोरं पान उघडून दिलं आणि म्हणाली, आई, यात लिहीत जा. बुढीनं त्याच एका पानात सगळं लिहिलं. दुसरं पान उघडता येतं हे तिला दाखवलं होतं, पण ते तिनं मान्य केलं नाही.

शिकायचं म्हणून पहिला बायोडाटा तिनं माझाच टाकला. मी खुर्चीच्या मागेच उभा होतो. शिक्षण चौथी, उंची आठवत नाही, वर्ण उन्हावर अवलंबून. शेऱ्यात लिहिलं, "चालेल."

"चालेल?" मी म्हणालो. "येवढ्या वर्षानं नुसतं चालेल?"

"मंग काय पयेल लिवू? पयाले पाय कुठं हायेत तुमाले?"

फाईल मोठी कशी झाली हे ऐकण्यासारखं आहे. आमच्या घरी प्रत्येक गोष्ट दोन असायची. मिठाचे दोन डबे, दोन टॉर्च, कुलपाच्या दोन किल्ल्या. एक हरवली तर दुसरी असावी म्हणून. आणि दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला. मी एकदा म्हणालो की बाई, खिळा हरवला तर? ती म्हणाली, खिळा कुठं हरवते का? मलाही पटलं.

तर पोरीनं तिला शिकवलं होतं की लिहिलेलं सगळं एका झटक्यात निवडता येतं आणि दुसरीकडे उतरवून ठेवता येतं. आई, दर रविवारी एक प्रत काढून ठेवत जा, काही झालं तर कामाला येईल. बुढीनं ऐकलं. पण दुसरीकडे म्हणजे कुठे? घरच्या घरी. दर रविवारी तिनं अख्खी फाईल निवडली आणि त्याच फाईलीच्या खाली उतरवली. एकाची दोन. पुढच्या रविवारी त्या दोन्ही निवडल्या आणि खाली उतरवल्या. दोनाच्या चार. मी स्वतः तिथे बसून असायचो आणि मनात म्हणायचो, बाई किती जपते. पुढे पुढे मशीन इतकं हळू झालं की ती रविवारी बटण दाबून बाजारात जायची, भाजी घेऊन परत यायची, तरी त्याचं चालूच. मग तिनं मशीनलाच नावं ठेवली. म्हणाली, जावयाकडून आलेलं हाय, त्याच्यावानी दमादमानं करते.

गेलेल्या माणसासाठी आमच्यात करतात तो जलदानाचा कार्यक्रम झाला, माणसं आपापल्या घरी गेली, आणि फोन सुरू झाले. बाई आहेत का? अकोल्याचं ते स्थळ कसं आहे? मी सांगायचो, बाई गेल्या. मग तिकडून हळहळ, आणि हळहळ संपली की हळूच, "पण भाऊ, फाईल असेल ना?"

फाईल होती. मी कापड काढून मशीन सुरू केलं, तिच्यासारखं दोनदा बटण दाबलं. चाक. सकाळी दाबलं, दुपारी चाक. पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला.

मला काय पाहिजे होतं ते सरळ सांगतो. स्थळं गेली खड्ड्यात. भिंतीवर तिचा फोटो आहे. चांगला आहे, पण तोंड मिटून बसलेली आहे त्यात, आणि तशी ती कधी बसली नाही. फोनवर तिचा आवाज भरून ठेवलेला नाही, कारण एवढं बोलणाऱ्या बाईचा आवाज कोण भरून ठेवतो? तिचं बोलणं उरलं होतं ते त्या शेऱ्यांमध्ये, आणि शेरे त्या पांढऱ्या पडद्याच्या मागे.

अमरावतीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं नुसतं ऐकून सांगितलं, "काका, तुमच्या मशीनमध्ये दम नाही. नवीन घ्या, नाहीतर अर्धी फाईल उडवा."

"अर्धी कोनती?"

"कोणतीही."

"तुह्या घरातले अर्धे मानसं उडव मनलं तं कोनते उडवशीन?"

त्यानं पुढच्या गिऱ्हाईकाला बोलावलं.

मग मी डबा कापडात गुंडाळला, दोरीनं बांधला, आणि अकोल्याच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. शेजारी एक बाई होती. तिनं विचारलं, "काय हाय भाऊ यात?"

"बायको," मी म्हणालो.

ती उठून मागच्या सीटवर जाऊन बसली. माझं चुकलं, पण जागा मोकळी मिळाली.

जावई पुण्याकडचे. घरी बसूनच नोकरी करतात. बोलतात ते पुस्तकासारखं, आणि मी बोलतो तेव्हा त्यांना वाटतं मी भांडून राहिलो. डबा पाहून म्हणाले, "बाबा, अहो, एवढं ओझं कशाला? फाईल पेनड्राइव्हवर आणता आली असती."

"मले काय माहीत जावाईबापू, ते याच्या कोनत्या खिशात ठेवली हाय तं."

पण माणूस कामाचा निघाला. त्यांची नोकरीच मुळी मोठ्या फाईली वाचायची. कुठल्यातरी कंपनीचं मशीन दिवसभर जे काही करतं ते सगळं एका फाईलीत बडबडत राहतं, आणि बिघाड झाला की हे त्या बडबडीत डोकं घालून शोधतात की नेमकं कुठे बिनसलं. पगार बडबड ऐकायचा. माझी पोरगी त्या घरात सुखी का आहे ते मला तेव्हा कळलं.

पहिलं काम त्यांनी हे केलं की फाईलीची एक प्रत काढून वेगळ्या डबीत ठेवली. "मूळ फाईलला आपण हात लावायचा नाही," म्हणाले. मग फाईलीचा आकार पाहिला आणि चष्मा वर सरकवून परत पाहिला. पोरीला आतून हाक मारली. दोघांनी मिळून पाहिलं.

"बाबा," पोरगी म्हणाली, "आईनं यात असं काय लिवलं? आमच्या अख्ख्या शायेचं एवढं होत नाई." ती शाळेत शिकवते.

"तुह्यी माय हाय ते. मले काय इचारतं."

आता उघडायची कशात, हा प्रश्न. मला वाटायचं फाईल म्हणजे कुलूप, किल्ली एकच. तसं नाही. लिहिलेलं वाचायला पाच-पन्नास प्रकारचे प्रोग्राम मिळतात, आणि प्रत्येकाची रीत वेगळी. जावयानं एकेक बसवायला सुरुवात केली आणि मी एकेकाला नाव ठेवायला. सोयरिकीसारखंच चाललं होतं ते. फक्त चहा-पोहे नव्हते, तेही पोरीनं नंतर आणले.

पहिला होता खादाड. वाचायच्या आधी अख्खी फाईल पोटात घ्यायची, मग बोलायचं, अशी त्याची रीत. त्यानं घ्यायला सुरुवात केली, घेता घेता जावयाचं नवं मशीनही घरघरायला लागलं, आणि मग खादाड बसला. उठेचना. जावयानं त्याला जबरदस्तीनं बंद केला.

दुसरा आला नवरदेव. लय सजलेला. ओळीओळीला आकडे, शब्दाशब्दाला रंग. थोडा वेळ लागला, पण उघडला. आणि पडद्यावर तिचं लिहिलेलं दिसलं. मी वाचायला म्हणून पुढे झुकलो, कोपर टेकवलं, आणि तिच्या ओळीच्या मधोमध क क क क क क क अशी रांग लागली.

"अवं माय!" मी ओरडलो. "खराब केली! म्या खराब केली!"

"बाबा, बाबा, ही प्रत आहे," जावई म्हणाले. "मूळ फाईल सुरक्षित आहे."

"पन हे लिवलं कसं गेलं? म्या तं नुसतं पाहून राहिलो."

मग त्यांनी समजावलं. प्रोग्राम दोन जातीचे असतात. एकात लिहिता येतं, खोडता येतं. त्यात कोपरही लिहितं. दुसऱ्यात फक्त पाहता येतं. कितीही बोटं आपटा, अक्षर हलत नाही.

"मंग दुसऱ्या जातीचा दाखवा. मले कोपरावाला नाई पायजे."

तिसरा होता काळा. काळा पडदा, ना चित्र ना बटण. पण काय चपळ! बोट ठेवलं की फाईल हजर. मी जावयाला विचारलं, खादाडाला जे जमलं नाही ते याला कसं जमलं? ते म्हणाले, "हा अख्खी फाईल घेतच नाही, बाबा. तुम्ही जिथलं म्हणाल तिथला तेवढाच तुकडा उचलतो आणि दाखवतो."

हे मला एकदम कळलं. जिनिंगमध्ये व्यापाऱ्याचा माणूस माल पाहायला यायचा तेव्हा गाठ सोडत नव्हता. सोडली तर सगळं अंगण भरेल. गाठीच्या कुशीत हात घालायचा, मूठभर रुई ओढायची, धागा पाहायचा, की झालं. खादाड म्हणजे गाठ सोडून बसणारा मूर्ख. काळ्याची रीत बरोबर होती. पण त्याला सगळे हुकूम इंग्रजीत द्यावे लागायचे, आणि मी एक हुकूम चुकवला तर तो नुसताच टुक करून गप्प बसला.

"बाबा, हे तुमाले नाई जमायचं," पोरगी म्हणाली.

"मले नाई जमायचं का त्याले नाई जमायचं? मानसाची भाषा येत नाई त्याले."

चौथाही नुसता पाहायचाच, आणि त्याला बटणंही होती. पण त्याला आपली अक्षरं सांभाळता येत नव्हती. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, काने नुसते कुंपणाच्या काड्यांसारखे उभे. पोरगी वाचायला गेली आणि हसत सुटली. "आई चिडली असती," म्हणाली. "आपल्या अक्षराचा तिले लय तोरा होता."

मी जावयाला म्हणालो, "जावाईबापू, येवढे पोरं नाकारले तं बुढी लोकायले मनायची, आता तुमी आपलीच उंची कमी करा."

ते पहिल्यांदा मोकळं हसले. आणि पाचवा उघडला.

पाचवा साधा. पांढरं पान, काळी अक्षरं, वेलांट्या जागेवर. मूठभर उचलून दाखवायची रीत काळ्याचीच, पण नमुना स्वच्छ. अक्षर माझ्या डोळ्यांपुरतं मोठं करता येतं, शब्द शोधता येतो, आणि लिहिता येत नाही. मी मुद्दाम कोपर टेकवून पाहिलं. काही झालं नाही.

शोधायला पहिला शब्द पोरीनं टाकला, "चालेल". माझाच बायोडाटा निघाला. आणि परत निघाला. आणि परत. जावई खाली जात राहिले, मी निघतच राहिलो. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "आईंनी फाईलची प्रत फाईलमध्येच ठेवली आहे. दर वेळी दुप्पट."

"मंग? घरची वस्तू घरात ठेवली," मी म्हणालो.

"बाबा, सगळं तेच तेच आहे. मी एका मिनिटात जादाच्या प्रती काढून टाकतो. एकच ठेवतो. इतकुशी फाईल होईल, कशातही उघडेल. हे सगळं शोधायची गरजच पडणार नाही."

बोलणं बरोबर होतं. मी हो म्हणणारच होतो. पण पोरगी पडद्याजवळ सरकली. "थांबा. हे तेच नाई."

बुढी नवं लिहायची आणि जुनं सुधारायची ते नेहमी सगळ्यात खालच्या प्रतीत. वरच्या प्रती जशाच्या तशा पडून राहिल्या. त्यामुळे, मधे मधे जुनं पुन्हा येत असलं तरी, फाईलीत वरून खाली यावं तसा तिचा विचार बदलत जातो. अंजनगावचा एक पोरगा होता. वर लिहिलं होतं, मुलगा सरळ. त्याच्या खालच्या थरात, मुलगा सरळ, जरा जास्तच. आणखी खाली, आईला विचारून पाणी पितो. आणखी खाली, लग्न झालं. त्याच्यापुढे आणखी एक ओळ : आता बायकोला विचारून पितो, प्रगती आहे.

पोरगी पोट धरून हसली. मग माझ्यावर आली. सगळ्यात वर "चालेल". मधात कुठेतरी "चालेल, पण ऐकायला कमी येतं". त्याच्या खाली "कमी येत नाही, मुद्दाम". मग बरेच थर काही बदल नाही, बहुतेक मी बरा वागत असेन. मग "तंबाखू सोडला म्हणतात". मग "म्हणतात फक्त".

"माय गेली तरी तुमची तक्रार करून राहिली," पोरगी म्हणाली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. ती आत निघून गेली. भांड्यांचा आवाज आला. भांडी काही घासायची नव्हती.

जावई हळू आवाजात म्हणाले, "बाबा, असं करू या. जिथे शेरा बदलला आहे तेवढं ठेवतो. जे अगदी तेच आहे ते काढतो. काहीच हरवणार नाही."

मी म्हणालो, "जावाईबापू, ते बाई एकच गोष्ट मले रोज सांगे. चष्मा घ्या, टोपी घ्या, लवकर या. रोज. तुमच्या हिशोबानं तं तिनं पयल्याच वर्षी गप बसाले पायजे होतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "नाही काढत."

सगळ्यात खाली जाऊन पाहिलं. तेल्हाऱ्याची पोरगी नव्हती. प्लग निघाला तेव्हा चाक फिरतच होतं, त्यामुळे आमची ती दुपार जतन झालीच नाही. त्या पोरीचं अडलं नाही म्हणा, तिच्या बोलक्या बापानं मधेच फोन करून सांगितलं होतं की तिचं दुसरीकडे जुळलं. पण ती दुपार तिथे असायला पाहिजे होती. मी बराच वेळ त्या शेवटच्या ओळीखालच्या पांढऱ्या जागेकडे पाहत बसलो.

जावयाच्या ध्यानात आलं. म्हणाले, "तो शेरा तुम्हाला आठवतोय का? आपण मघाचा तो लिहिता येणारा प्रोग्राम उघडू. शेवटी दोन ओळी टाकून देतो. मूळ फाईलमध्येच."

मला शेरा पाठ होता. आताही आहे. वर लिहिलाच आहे. मी तोंड उघडलं सुद्धा. दोन ओळी काय मोठं काम? पण आज दोन ओळी टाकल्या तर उद्या मी आणखी दोन टाकीन. तिला काय वाटलं असतं ते मीच तिच्या जागी लिहीत बसेन, आणि वर्षभरानं मला कळणार नाही की यातली ती किती आणि मी किती. कोपरानं लिहिलेलं निदान दिसतं तरी.

"नोको," मी म्हणालो. "ते बोलली तेवढं बोलली. तो नुसता पाहायचा हाय ना, तोच बसवून द्या माह्या डब्यावर. दुसरा एकही ठेवू नोका. तिची फाईल त्याच्यातच उघडली पायजे."

"आणि तुम्हाला काही लिहायचं झालं तर?"

"मले काय लिवायचं हाय?"

त्यांनी वाद घातला नाही. माझ्या मशीनवर तो पाचवा बसवला, अक्षर मोठं करून दिलं, फाईलीला असं कुलूप लावलं की ती वाचता येईल पण बदलता येणार नाही. आणि मला न विचारता बाजूला एक नवं कोरं पान ठेवून दिलं. मी पाहिलं, पण ऐकायला कमी येतं तसं कधी कधी मला दिसतही कमी.

त्या दिवशी मी तिथेच राहिलो. सकाळी पोरगी शाळेत गेली, जावई आपल्या खोलीत त्यांच्या मशीनची बडबड ऐकत बसले, आणि मी चहा घेऊन डब्यासमोर. चाक फिरलं नाही. बुढी लगेच हजर. कुठूनही मूठ भरावी आणि वाचावं. एकीचा बाप हिशेबी, एकाची बहीण तापट, एका घरी पोहे खारट पण माणसं गोड. मी एकटाच हसत होतो.

तेवढ्यात फोन वाजला. वलगावची एक बाई. "बाई हायेत का?"

"बाई गेल्या," मी म्हणालो. "मी त्यायचा नवरा."

तिची हळहळ मी पूर्ण ऐकून घेतली. मग ती म्हणाली की पोरगा लग्नाचा आहे, नोकरीला लागला आहे, मागे बाई एकदा घरी येऊन गेल्या होत्या. मी म्हणालो, थांबा. नाव विचारलं, एका बोटानं शोधायच्या जागी टाकलं. निघालं. शेरा वाचला : मुलगा गुणी वाटतो, नक्की सांगता येत नाही, आई त्याला बोलूच देत नाही.

"हायलो? भाऊ? काय लिवलं हाय आमच्या पोराबद्दल?"

"चांगलं लिवलं हाय."

"मंग आयका ना. त्याले पोरगी कशी पायजे तं, एक मंजे शिकलेली, दुसरं मंजे घरात मियून-मिसयून राहनारी, आन त्याले भाजी तिखट चालत नाई, आन..."

"बाई," मी म्हणालो, "पोरगा घरी हाय?"

"हाय ना. इथंच बसला हाय. त्याले काय इचारता, तो लय लाजते, मीच सांगतो ना सगळं..."

"त्याले फोन द्या."

"अवो पन..."

"बाई, लगन तुमाले करायचं हाय का त्याले? द्या त्याले फोन. आन तुमी जरा अंगनात जाऊन उभ्या राहा."

तिकडे खळबळ झाली. कोणीतरी कोणाला काहीतरी म्हणालं, दार वाजलं, आणि मग कोणीतरी हळूच घसा खाकरला. मी फोन खांद्यात दाबून धरला, जावयानं ठेवलेलं ते कोरं पान उघडलं, वर त्याचं नाव टाकलं, वलगाव टाकलं, आणि बोट बटणांवर ठेवून बसलो.

"हं, बोल बापू," मी म्हणालो. "मले काई घाई नाई. तुह्यं तू सांग."